नऊ नंबरच्या बाटलीचा अर्ज

या अंकाच्या संपादकांनी मला निरोप धाडताना ‘आपल्या व्यवसायातील अनुभव शक्यतो थोडक्यात लिहावेत’ असे कळविले आहे. त्यांच्या आदेशाचा मान राखून मी प्रारंभीच नमूद करतो की, कंधारच्या तहसील कचेरीच्या आवारात कडुनिंबाखाली लोखंडी टेबल टाकून मी गेली सव्वीस वर्षे इतरांचे म्हणणे थोडक्यात मांडीत आलो आहे. स्वतःचे म्हणणे मांडण्याची ही पहिलीच वेळ आहे. सबब चार ओळी अधिक झाल्यास त्या पोटात घालाव्यात.

माझा पेशा अर्जनवीसाचा. निजामाच्या अमदानीपासून आमच्याकडे या माणसाला ‘मुन्शीजी’ म्हणतात आणि मलाही सारा तालुका त्याच नावाने ओळखतो. ज्याला सरकारदरबारी काही मागायचे आहे परंतु कसे मागावे हे कळत नाही, त्याचे मागणे मी कागदावर उतरवतो. अलीकडे मोबाईलपुढे बोलून अर्ज उमटवणारी पोरे निघाली आहेत. त्यांचे अर्ज सुबक दिसतात, पण वाचणाऱ्या साहेबाच्या मनात काय चालले आहे ते मोबाईलला ठाऊक नसते. ते मला ठाऊक असते. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. विज्ञानाच्या पेपरात मी नापास झालो आणि शाळा तेथेच सुटली. तथापि माझ्या मसुद्यात काना-मात्रेची चूक काढून दाखवणारा पदवीधर मला अद्याप भेटलेला नाही.

माझ्या अर्जाला तीन पाय असत. पहिला गरिबीचा, दुसरा आजाराचा आणि तिसरा चुकीच्या कबुलीचा. यांतील तिसरा पाय सर्वांत महत्त्वाचा, आणि तो माझ्या अनुभवातून मला गवसलेला आहे. ‘आपल्या कार्यालयाची चूक झाली’ असे लिहिले की साहेबाचे बोट ताठ होते आणि ‘आमची चूक झाली, पदरात घ्यावी’ असे लिहिले की तेच बोट सही करते. एका म्हातारबाच्या घरावर विजेचा खांब कलला होता. मी अर्जात लिहिले, ‘अर्जदाराने अज्ञानवश घर चुकीच्या जागी बांधले, त्याबद्दल क्षमा असावी, तथापि खांब हलविण्याची कृपा व्हावी.’ महिन्याभरात खांब हलला. अर्जातला मजकूर कोणीतरी वाचून दाखवल्यावर म्हातारबा माझ्या टेबलापाशी आला.

“मुन्शीजी, घर तर माझ्या आज्यानं बांधलंय. खांब परवाच्या साली आला की!”

“खांब हलला का न्हाई?”

“हलला.”

“मग?”

म्हातारबा थोडा वेळ उभा राहिला आणि निघून गेला. त्या वेळी मला विजय झाल्यासारखे वाटले होते. आज हे लिहिताना त्याचे ते उभे राहणे मला आठवते.

आता मूळ विषयाकडे येतो.

गतवर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस चाँदपाशा माझ्याकडे आले. चाँदपाशा कल्हईवाले. तांब्या-पितळेच्या भांड्यांना आतून कथिलाचा मुलामा देण्याचे काम त्यांच्या घरात चार पिढ्यांपासून चालत आले आहे. भांडे तापवायचे, नवसागराची चिमूट टाकायची, भसकन पांढरा धूर उठतो, आणि त्या धुरातच कापसाच्या बोळ्याने कथील फिरवायचे. आता घरोघरी स्टील आले, त्यामुळे लग्नकार्यातल्या मोठ्या पातेल्यांवरच त्यांचा हात फिरतो. त्यांची थोरली मुलगी नसरीन ही रोज एस.टी.ने नांदेडला जाऊन बी.एस्सी. करीत होती. विषय रसायनशास्त्र. महाविद्यालयाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तेथील मंडळींनी अखेरीस जे केले त्याबद्दल माझ्या मनात आदर आहे.

“मुन्शीजी, पोरीला प्रॅक्टिकलमंदी शून्य दिलं,” चाँदपाशा म्हणाले. “तीन साल येक नंबरानं पास. आता शेवटच्या परीक्षेला शून्य! लातूरला यम्मेस्सीला नाव लागायचंय तिचं. पंधरा दिवसांत निकालाचा कागद द्यायचाय, न्हाईतर जागा गेली.”

“शून्य कशापायी?”

“पावडर वळखायची व्हती म्हणं. हिनं वळखली ती न्हवं, दुसरीच व्हती म्हणतेत.”

“म्हणजे चूक झाली.”

“ती म्हणते, न्हाई झाली.”

“पोरी असंच म्हणतात,” मी म्हणालो, आणि कागद ओढला.

त्या दिवशी मी माझ्या पेशाच्या पूर्ण ऐटीत होतो. वीस मिनिटांत अर्ज तयार झाला. वडील कल्हईवाले, व्यवसाय डबघाईस, हा पहिला पाय. ‘परीक्षेच्या दिवशी माझ्या मुलीस तीव्र ताप असल्यामुळे’ हा दुसरा. ‘तिच्याकडून पदार्थ ओळखण्यात चूक झाली, ती पदरात घेऊन दयाबुद्धीने उत्तीर्ण करावे’ हा तिसरा. मी तो मोठ्याने वाचून दाखवला. चाँदपाशांना ‘दयाबुद्धीने’ हा शब्द फार आवडला. त्यांनी खाली उर्दूत सही केली आणि त्याच दुपारच्या गाडीने नांदेडला जाऊन अर्ज देऊन आले. मुलीला दाखवण्याइतका वेळ नव्हता, असे त्यांनी नंतर सांगितले.

पाचव्या दिवशी नसरीन स्वतः आली. हिजाब नीट बांधलेला, पाठीवर दप्तर, हातात महाविद्यालयाचे उत्तर. तिने नमस्कार केला नाही. कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “चाचा, वाचा.”

मी वाचले. ‘विद्यार्थिनीच्या पालकांनी दिलेल्या अर्जात चूक झाल्याचे स्पष्टपणे मान्य केलेले असल्यामुळे फेरतपासणीचा प्रश्न उद्भवत नाही.’

“मला ताप कधी आला व्हता?” तिने विचारले.

मी म्हणालो, “बाळ, अर्जाची ती रीत असते.”

“रीत? मी त्यांच्याकडं तीन दिवस भांडून राहिले की चूक माझी न्हाई, बाटली तपासा. आमच्या विभागाच्या मॅडम तपासायला तयार बी झाल्या व्हत्या. तेवढ्यात अब्बांचा अर्ज गेला. आता म्हणतात, तुझ्या वडलांनीच लिहून दिलंय!”

सव्वीस वर्षांत माझ्या अर्जाने काम झाले नाही असे अनेकदा घडले होते. परंतु होत आलेले काम माझ्या अर्जाने मोडले, असे प्रथमच घडले. मी तिला बाकड्यावर बसवले, चहा सांगितला आणि म्हणालो, “मला पहिल्यापासून सांग. मला काही येत नाही असे समजून सांग.” माझ्या तोंडून असे वाक्य निघाले, याचे शेजारच्या टंकलेखकास इतके आश्चर्य वाटले की त्याची टकटक थांबली.

तिने जे सांगितले ते मी वाचकांसाठी सोपे करून देतो. रसायनशास्त्राच्या परीक्षेत विद्यार्थ्याला एका पुडीत निनावी पदार्थ देतात. ज्या बाटलीतून ती पुडी भरतात तिच्यावर नाव नसते, फक्त क्रमांक असतो. कोणत्या क्रमांकात काय आहे याची यादी परीक्षकाजवळ असते. विद्यार्थ्याने त्या पदार्थावर एकामागून एक प्रयोग करून त्याचे नाव सिद्ध करायचे. नसरीनला नऊ नंबर मिळाला होता. यादीत नऊ नंबरापुढे ‘बेंझॉइक आम्ल’ लिहिले होते. तिने उत्तर लिहिले ‘सॅलिसिलिक आम्ल’.

“दोन्ही पांढरे, चाचा,” ती म्हणाली. “दोन्ही खायच्या सोड्याच्या पाण्यात टाकले की फसफसतात. इथवर सख्ख्या भावांसारखे. मग फेरिक क्लोराइडचे थेंब टाकायचे. बेंझॉइक असलं तर कातडीच्या रंगाचा फिका गाळ बसतो. सॅलिसिलिक असलं तर जांभळा रंग येतो. असा जांभळा की आंधळ्यालाच चुकंल.”

“आणि तुला?”

“जांभळा. तीनदा केलं, तीनदा जांभळा. मग वितळायचं तपमान घेतलं. बारीक नळीत भरून तापवायचं. बेंझॉइक एकशे बावीसला वितळतं. एकशे बावीस झालं, हे तसंच. मी थांबले. एकशे सत्तावन्नला वितळलं. ते सॅलिसिलिकचं तपमान हाय. मग मी दुसरं काय लिहू?”

“पण तुझ्या आधी नऊ नंबर कोणाला मिळाला असेल ना?”

“तिघांना. आदल्या दिवशीच्या बॅचमध्ये.”

“त्यांनी काय लिहिलं?”

“बेंझॉइक. तिघांनी बी. पुरे मार्क. तेच तर मॅडम दाखवतात. तिघांना बरोबर सापडलं, तुलाच कसं न्हाई?”

येथे माझ्या पेशाचे डोके चालले. “ते तिघे एकत्र चुकले कसे?” मी विचारले.

नसरीन इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाली, “चाचा, लॅबमध्ये एक मामा हायेत, बाटल्या भरतात. पोरं त्यांना आदल्या दिवशी विचारतात, कोणत्या नंबरात काय. मामा मायाळू माणूस, सांगून टाकतात. मग पोरं घरूनच सगळे प्रयोग पाठ करून येतात. पुडी उघडायची बी गरज नसते.”

“तू का नाही विचारलंस?”

तिने माझ्याकडे असे पाहिले की मला माझ्या नववीच्या गुरुजींची आठवण झाली. “वळखायचीच परीक्षा व्हती ना, चाचा?”

मी टेबलावर हात आपटला. “बस्स! हेच लिहितो. परिचराने नंबर फोडले, सखोल चौकशी व्हावी...”

“नक्को!” ती म्हणाली. “ते मी पाह्यलं न्हाई. ऐकलंय. ऐकलेलं लिहायचं नसतं.”

“अगं, पण ते खरं आहे!”

“खरं असंल. पण माझं निरीक्षण न्हाई ते.”

वाचकहो, तिची ही अट ऐकून मला प्रथम राग आला. एवढे हत्यार हाती असून ते वापरायचे नाही! त्यात तिने पुढे सांगितले की, विभागप्रमुख मॅडमनी तिच्यापुढे एक वाट ठेवली होती. चूक झाली असे तिने स्वतःच्या सहीने लिहून द्यावे, म्हणजे पुढच्या सत्रात पुन्हा बसता येईल आणि त्या सांभाळून घेतील. चाँदपाशांचे मन तिकडे झुकले होते. माझेही झुकले.

“लिहून दे की,” मी म्हणालो. “एक ओळ आहे.”

“आणि लातूर?”

“पुढच्या वर्षी.”

“चाचा, वर्ष गेलं तर मी रडंन आणि गप बसंन. पण नळी जांभळी झालेली मी पाह्यलीय. ती जांभळी न्हवती असं मी कसं लिहू? मग तीन वर्षं मी शिकले काय?”

मी चष्मा पुसला. मग नवा कागद घेतला आणि म्हणालो, “सांग, कसे लिहायचे.”

तिने दप्तरातून आपली प्रयोगवही काढली. प्रत्येक पानावर रेघा मारून तीन रकाने पाडलेले होते. पहिल्यात प्रयोग, दुसऱ्यात निरीक्षण, तिसऱ्यात अनुमान. काय केले, काय दिसले, त्यावरून काय ठरते. “असंच लिहा,” ती म्हणाली.

“यात गरिबी कुठे बसवायची?”

“नक्को.”

“निदान ‘कृपावंत होऊन’?”

“त्यांनी कृपा कशाला करायची? बाटली उघडायचीय फकस्त.”

आम्ही दोघांनी दीड तास त्या एका पानाशी झुंज दिली. मी एखादे विशेषण टाकले की ती विचारी, “हे तुम्ही पाह्यलं का?” आणि मला ते खोडावे लागे. एरवी माझे अर्ज तीन पाने होत. हा एका पानावर आला. शेवटची ओळ मात्र मी माझ्या मनाची घातली आणि तिला ती मान्य झाली: ‘सबब, बाटली क्रमांक नऊ आपण स्वतः उघडून तपासावी, जो रंग येईल तो अर्जदारास मान्य राहील.’

परंतु अडथळा होता माझ्याच पहिल्या अर्जाचा. तो फाईलमध्ये होता आणि त्यात ताप होता. तो काढल्याशिवाय दुसऱ्या अर्जाला अर्थ नव्हता. मी बराच वेळ विचार केला आणि मग जे केले ते या पेशात कोणी केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. मी मुद्रांक कागदावर स्वतःचे प्रतिज्ञापत्र लिहिले: ‘मागील अर्जातील ताप सदर विद्यार्थिनीस आलेला नव्हता. तो मी, अर्जलेखक याने, कोणी न सांगता, केवळ सवयीने लिहिला. चूक झाल्याची कबुलीही माझीच आहे. ती अर्जदाराची अगर त्याच्या मुलीची नाही.’ खाली पूर्ण नाव, वय, धंदा आणि सही.

शेजारचा टंकलेखक खांद्यावरून वाचीत होता. “मुन्शीजी, हे बाहेर गेलं तर उद्या कोण येईल तुमच्याकडं?”

“जो येईल त्याचा अर्ज लिहू,” मी म्हणालो. आवाज ठाम होता. प्रतिज्ञापत्राची घडी मात्र मी दोनदा मोडून पुन्हा घातली.

दुसऱ्या दिवशी नसरीन, चाँदपाशा आणि मी असे तिघे नांदेडला गेलो. कागद मी माझ्या हाताने प्राचार्यांपुढे ठेवले. त्यांनी आधी प्रतिज्ञापत्र वाचले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. “हा ताप आपला?”

“होय साहेब. माझा.”

मग त्यांनी तीन रकान्यांचा अर्ज वाचला. दोनदा वाचला. म्हणाले, “यात सवलत काहीच मागितलेली नाही. नाकारायचे काय?” त्यांनी विभागप्रमुख मॅडमना बोलावले. मॅडमनी अर्ज वाचला, ओठ मिटले आणि म्हणाल्या, “लातूरच्या सरांनाही बोलवावे लागेल. मार्क दोघांच्या सहीचे आहेत.”

लातूरचे सर म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक. चार दिवसांनी ते आले. वयस्कर, शिडशिडीत, दोरीला अडकवलेला चष्मा, हातात एस.टी.चे तिकीट तसेच. त्यांच्या आग्रहावरून चाँदपाशांना आणि मलाही प्रयोगशाळेत उभे राहू दिले. “ज्यांनी लिहिले त्यांनाही पाहू द्या,” ते म्हणाले.

माझ्या शाळेत प्रयोगशाळा म्हणजे काचेचे एक कपाट होते आणि त्याला कायम कुलूप असे. त्यातल्या परीक्षानळ्या मी काचेतूनच पाहिल्या होत्या. त्या दिवशी मी प्रथमच अशा खोलीत पाऊल टाकले. आंबूस, तिखट वास होता. चाँदपाशांनी दाराशी चपला काढल्या. कोणी तसे सांगितले नव्हते. आत आल्यावर ते नाक वर करून मला म्हणाले, “मुन्शीजी, नवसागर हाय हितं.” मग जरा अभिमानाने पुढे म्हणाले, “धूर पांढरा का व्हतो ते मला लेकीनंच सांगितलं. नवसागर आचेवर फुटतो आन वर हवेत जाऊन पुन्हा जुळतो. चार पिढ्या धूर खाल्ला आमी, कुणाला ठावं न्हवतं.”

बाटल्या भरणारे मामा नऊ नंबर घेऊन आले. सरांनी बाटली हातात घेऊन प्राचार्यांना दाखवली आणि नसरीनकडे न देता मॅडमपुढे ठेवली. “मॅडम, आपण करा.”

मॅडमनी नळीत चिमूटभर पूड घेतली, विरघळवली. सोड्याची फसफस झाली. हे तर दोन्हींत होते, हे एव्हाना मलाही ठाऊक होते. मग दुसऱ्या नळीत त्यांनी फेरिक क्लोराइडच्या पिवळट द्रावणाचा एक थेंब सोडला.

मी माझ्या आयुष्यात शाई पुष्कळ पाहिली आहे. निळी, काळी, शिक्क्याची, अंगठ्याची. असा रंग मी पाहिलेला नव्हता. नळीतल्या पाण्यासारख्या द्रावणात एका थेंबासरशी पिकल्या जांभळाचा रंग वरून खाली उतरला.

“जांभळा,” मॅडमच प्रथम म्हणाल्या. त्यांनी हा शब्द स्पष्ट उच्चारला आणि त्या क्षणी माझ्या मनातील त्यांच्याविषयीचा राग गेला.

“पुन्हा करा,” सर म्हणाले.

पुन्हा जांभळा.

“आता तपमान.”

बारीक नळी भरली, तापमापकाला बांधली, खाली ज्योत लावली. सगळे वाकून बघत होतो. शंभर. एकशे दहा. चाँदपाशांचे ओठ हलत होते. एकशे बावीस आले तेव्हा मला राहवेना. “झाले का साहेब?”

“मुन्शीजी,” सर नजर न हलवता म्हणाले, “हे थांबण्याचे शास्त्र आहे.”

एकशे बावीस गेले. पूड जशीच्या तशी. एकशे तीस, चाळीस. नसरीन तेवढी वाकलेली नव्हती. ती खिडकीशी सरळ उभी होती. एकशे सत्तावन्नवर नळीतली पूड ओली झाली, मग काचेसारखी स्वच्छ झाली. सरांनी चष्मा सोडला. तो छातीवर लोंबला.

“मामा, ही बाटली कोणी भरली?”

“मीच भरली साहेब,” मामा घाबरून म्हणाले. “पहिल्या बॅचच्या आधीच त्यातलं सरलं व्हतं, परीक्षा तोंडावर. शेजारच्या बरणीतून घातलं. दोन्ही पांढरंच की हो साहेब!”

“दोन्ही पांढरीच,” सर म्हणाले. “ते ओळखण्यासाठीच ही पदवी आहे.” मग ते मॅडमकडे वळले आणि शांतपणे विचारले, “मॅडम, बाटलीत जे नव्हतेच, ते आदल्या दिवशी तिघांना सापडले कसे?”

मामांनी मान खाली घातली. नसरीनने नावही न घेतलेली गोष्ट त्या जांभळ्या नळीने सर्वांसमक्ष सांगून टाकली होती.

“साब,” चाँदपाशा मागून म्हणाले, “म्हंजी पोरगी पास का?”

“पास तर आहेच,” सर म्हणाले. “पण नीट ऐका. त्या परीक्षेत नऊ नंबरची पुडी चौघांना दिली होती. उघडली एकटीनेच.”

मॅडम नसरीनजवळ गेल्या आणि सर्वांदेखत म्हणाल्या, “मी तपासायला हवे होते. नसरीन, चूक माझी.” सव्वीस वर्षांत माझ्या तिसऱ्या पायाने जे शब्द नेहमी अर्जदाराच्या तोंडी घातले, ते मी प्रथमच टेबलाच्या पलीकडून ऐकले. माझे डोळे भरून आले, हे नमूद करण्यास मला संकोच वाटत नाही.

सुधारित गुणपत्रक मुदतीच्या दोन दिवस आधी निघाले. नसरीन सध्या लातूरला एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षात आहे. मामांना समज देण्यात आली. बाटल्या आता शिक्षक भरतात.

आणि त्या तिघांपैकी एक पुढच्याच आठवड्यात माझ्या टेबलापाशी आला. केस वर उभे, गॉगल कपाळावर. त्याची फेरपरीक्षा लागली होती आणि ती टाळण्यासाठी अर्ज हवा होता.

“काय झाले ते सांग,” मी म्हणालो.

“काही न्हाई, मुन्शीजी. ताप आला व्हता असं लिहा की! तुम्ही लिहिता म्हणं.”

“ताप संपला,” मी म्हणालो. “तुला काय दिसले ते सांग, तेवढे लिहितो.” तो बसला, उठला, पुन्हा बसला आणि अखेरीस अर्ज लिहवून न घेताच निघून गेला. तो फेरपरीक्षेला बसला आणि काठावर उत्तीर्ण झाला, असे कळते. त्याचेही काही श्रेय मी माझ्याकडे घेतो.

टंकलेखकाचे भाकीत खोटे ठरले. गिऱ्हाईक घटले नाही. मात्र आता मी कागद ओढण्याआधी विचारतो, ‘तुम्ही स्वतः काय पाहिले?’ पुष्कळांना प्रथमच कोणी असे विचारलेले असते. कधी अर्ज नामंजूर होतात, पूर्वीही होत. मात्र ज्याचा मंजूर होतो, तो माझ्यापुढे त्या म्हातारबासारखा गोंधळून उभा राहत नाही.

एक गोष्ट राहिली. त्या दिवशी प्रयोगशाळेत माझ्या प्रतिज्ञापत्राची पोच, म्हणजे प्राचार्यांच्या कचेरीचा शिक्का असलेली प्रत, टेबलावर होती. नळी स्टँडला लावताना मॅडमच्या हातून त्या प्रतीवर जांभळ्या द्रावणाचा एक थेंब पडला, नेमका माझ्या सहीशेजारी. मॅडम ती पुसू लागल्या. मी म्हणालो, “राहू द्या.” ती प्रत मी टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे.

परवा सुट्टीत नसरीन आली तेव्हा तिने वाकून ती पाहिली. “चाचा, रंग उडाला की. आता नुसता तांबूस डाग राह्यलाय. लोखंडाचा. फेरिक म्हंजी लोखंडच की.”

“लोकांना सांगतो मी, जांभळा होता म्हणून.”

“विश्वास ठेवतात का?”

“तुझ्या वहीसारखे लिहून ठेवले आहे,” मी म्हणालो, आणि काच उचलून कागदाच्या कडेला मी बारीक अक्षरात मारलेले रकाने तिला दाखवले. निरीक्षणाच्या खाली दोन ओळी होत्या: ‘त्या दिवशी जांभळा. आज तांबूस.’ अनुमानाचा रकाना मी रिकामा सोडला होता; तेवढे माझे शिक्षण नाही.

तिने माझे पेन मागून घेतले आणि तो रकाना स्वतःच्या हाताने भरला. काय लिहिले ते ज्याला पाहायचे असेल त्याने कंधारला यावे. कडुनिंबाखाली, लोखंडी टेबल, सकाळी दहापासून.